लग्नाचे वस्त्र आणि अंगावरचा कोट

सामान्य काळातील अठ्ठाविसावा रविवार
(यशया २५:६-१०, फिलिप्पै ४:१२-१४, १९-२०, मत्तय २२:१-१४)



आजच्या वाचनांत दोन मेजवान्या आहेत. यशया संदेष्टा सांगतो की परमेश्वर आपल्या डोंगरावर सर्व राष्ट्रांसाठी पंगत मांडणार आहे. शुभवर्तमानात एक राजा आपल्या मुलाच्या लग्नाची मेजवानी देतो. दोन्हीकडे यजमान उदार आहे, दोन्हीकडे ताट भरलेले आहे. पण कपड्यांच्या बाबतीत ही दोन वाचने एकमेकांच्या उलट बोलतात असे वाटते. यशयाच्या पंगतीत परमेश्वर सर्व लोकांवर पसरलेले आच्छादन काढून टाकतो. राजाच्या पंगतीत मात्र एका पाहुण्याच्या अंगावर लग्नाचे वस्त्र नाही म्हणून त्याला बाहेर काढले जाते. मग देवाच्या पंगतीला जाताना आपण काय करावे? अंगावर चढवावे की अंगावरचे उतरवावे?

हा प्रश्न आज विचारायला एक कारण आहे. पाऊस परतला आहे, भातकापणीची लगबग आहे आणि ऑक्टोबरचा उकाडा अंगाला चिकटू लागला आहे. याच दिवसांत आपल्या गावांतल्या शिंप्यांकडे गर्दी वाढते. आगमनकाळापूर्वीची लग्ने, नाताळ, नाताळानंतरची लग्ने, मग पास्काच्या सणानंतर एप्रिल-मे महिन्यांतली लग्ने आणि मुलांची पहिली कम्युनियन. या सगळ्यांची मापे आतापासून दिली जातात. कात्री लागण्यापूर्वी दोन शब्द बोललेले बरे.

घामाघूम आनंद

मे महिन्यातल्या एका लग्नाची मिस्सा डोळ्यांसमोर आणू या. देवळातले सगळे पंखे पूर्ण वेगाने फिरत आहेत. वेदीसमोर नवरदेव उभा आहे. आत बनियन, त्यावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, गळ्यात टाय, वर वेस्टकोट आणि त्यावर अस्तर लावलेला कोट. शेजारी बेस्टमन तशाच पोशाखात. चार वर्षांचा पेजबॉयही तसाच, फक्त माप लहान. पहिले वाचन संपेपर्यंत पेजबॉय रडायला लागतो आणि त्याची आई त्याला घेऊन व्हरांड्यात जाते. नवरदेव रुमालाने मान पुसतो, कॉलरमध्ये बोट घालून ती सैल करू पाहतो. आयुष्यभराचे वचन देण्याचा क्षण येतो तेव्हा त्याचे अर्धे लक्ष वधूकडे असते आणि अर्धे घामाकडे. मागच्या बाकांवर काकामामा आपापले कोट सांभाळत बसलेले असतात. धर्मगुरूंचे प्रवचन लवकर संपावे ही त्या वेळी सर्वांची एकमुखी प्रार्थना असते!

कोट ही वाईट वस्तू नाही. ज्या थंड देशांत तो घडला तिथे तो शहाणपणाचा पोशाख आहे. तिथल्या जुन्या दगडी देवळांत हिवाळ्यात बसायचे तर लोकरीचा कोट हवाच. आपला किनारा वेगळा. आपल्या शरीराची उष्णता सुमारे ३७ अंश सेल्सिअस असते आणि ती तिथे ठेवण्यासाठी देवाने आपल्याला घामाची सोय दिली आहे. घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळला तर अंग थंड होते. समुद्रकाठच्या दमट हवेत तो आधीच हळू वाळतो. त्यावर तीन थर कापड आणि पॉलिएस्टरचे अस्तर आले की तो वाळतच नाही, नुसता ओघळतो. तरुण माणूस हे तासभर सोसतो. वृद्धांना, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांना आणि तान्ह्या बाळांना ते सोसत नाही. बाळाला तर बोलताही येत नाही. स्नानसंस्काराच्या दिवशी सॅटिनचा झगा, आत अस्तर, डोक्यावर टोपी, पायांत मोजे अशा थाटात ते रडत राहते आणि आपण म्हणतो, पाणी थंड लागले असेल.

आपल्या आज्या-पणज्या सुती लुगडे नेसून पहाटेच्या मिस्सेला येत. ते लुगडे सणासाठी जपून ठेवलेले, स्वच्छ धुतलेले असे. त्यात देवाचा मान होता आणि हवेचे भानही होते. या दोन गोष्टी एकत्र राहू शकतात हे त्यांना कोणी शिकवावे लागले नाही.

पवित्र शास्त्रातील घामाचा विचार

पवित्र शास्त्र इतक्या साध्या गोष्टीकडे पाहते का? पाहते. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात मंदिरातील याजकांच्या पोशाखाचे नियम आहेत (यहेज्केल ४४:१७-१८). आतल्या अंगणात सेवा करताना याजकांनी तागाची वस्त्रे घालावीत, लोकर अंगावर घेऊ नये आणि घाम येईल असे काही कमरेला बांधू नये, असे तिथे स्पष्ट सांगितले आहे. देवाच्या समोर उभे राहण्याची वेळ, सर्वांत पवित्र जागा, आणि तिथे हलके वस्त्र घालण्याची आज्ञा! जड वस्त्राने देवाचा मान वाढतो असे त्या नियमात कुठेही म्हटलेले नाही.

दुसरी गोष्ट दाविदाची (१ शमुवेल १७:३८-३९). गल्याथाशी लढायला निघालेल्या या मेंढपाळ मुलाच्या अंगावर शौल राजाने स्वतःची शस्त्रसामग्री चढवली, डोक्यावर पितळी टोप, अंगात चिलखत. शौलाचा हेतू चांगला होता. राजाचे चिलखत मिळणे हा मोठा मान होता. पण शौल सर्व इस्राएल लोकांत खांद्यापासून वर उंच होता असे शास्त्र सांगते. त्याचे चिलखत दाविदाला कसे बसावे? दाविदाने चालून पाहिले. त्याला चालता येईना. तेव्हा त्याने राजाला सरळ सांगितले की मला याची सवय नाही, आणि ते उतरवून ठेवले. मग त्याने आपली काठी घेतली, ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे घेतले, गोफण घेतली.

या प्रसंगातील दाविदाच्या धैर्याबद्दल आपण नेहमी बोलतो. पण गल्याथासमोर जाण्याआधी त्याने एक धैर्य दाखवले होते. राजाने प्रेमाने अंगावर चढवलेली वस्तू त्याने सर्वांसमोर उतरवली. आपल्या घरांतही असे शौल असतात. मामा म्हणतात, कोटाशिवाय नवरदेव कसा दिसेल? आत्या म्हणते, शेजारच्या लग्नात पेजबॉयलासुद्धा वेस्टकोट होता. हेतू चांगलाच असतो. त्यांना नम्रपणे नाही म्हणणारा एक दावीद घरात लागतो.

उतरवलेले वस्त्र, पुन्हा घातलेले वस्त्र

आता आपण प्रभू येशूकडे पाहू या. शेवटच्या भोजनाची रात्र. त्याहून मोठा प्रसंग कोणता असणार? त्या रात्री येशू भोजनावरून उठला, आपले बाहेरचे वस्त्र काढून ठेवले, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला (योहान १३:४-५). जे काम करायचे होते त्याला लांब झगा अडचणीचा होता, म्हणून त्याने तो काढला. त्यात त्याला कमीपणा वाटला नाही. पेत्राला मात्र वाटला. गुरूने असे दिसावे हे त्याला पटेना.

पण शुभवर्तमान पुढे आणखी एक लहानशी गोष्ट सांगते. पाय धुऊन झाल्यावर येशूने आपले वस्त्र पुन्हा अंगावर घेतले आणि तो बसला (योहान १३:१२). त्याचा झगा सुरेख होता हेही आपल्याला ठाऊक आहे. क्रुसाखाली शिपायांना तो फाडवेना, कारण तो वरपासून खालपर्यंत बिनशिवणीचा, सलग विणलेला होता (योहान १९:२३-२४). म्हणजे चांगल्या वस्त्राशी प्रभूचे वैर नव्हते. त्याला वस्त्र घालताही येत होते आणि उतरवताही येत होते. वस्त्र त्याचे धनी नव्हते.

पुनरुत्थानानंतरचा एक प्रसंग याची दुसरी बाजू दाखवतो. तिबिर्याच्या समुद्रावर पेत्र मासे धरत होता. कामासाठी त्याने अंगरखा काढून ठेवला होता, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कोळी बांधवांना ते सांगायलाच नको. काठावर उभा असलेला माणूस प्रभू आहे हे कळताच पेत्राने अंगरखा घातला आणि मग पाण्यात उडी टाकली (योहान २१:७). पोहण्यासाठी माणूस कपडे काढतो, हा घालतो! त्या पोशाखात पोहणे सोपे नसणार. पण त्याला प्रभूसमोर तसेच उघड्या अंगाने उभे राहायचे नव्हते. आपण या कृतीला हसावे, पण तिचा मानही ठेवावा. कारण आजचा संदेश असा नव्हे की देवळात कसेही यावे, घरात लोळायच्या कपड्यांत मिस्सेला यावे, कोणी काही म्हणू नये. स्वच्छ, नीटनेटके, अंग झाकणारे वस्त्र हा आदर आहे. आपण ज्याला भेटायला जातो त्याच्यासाठी थोडी तयारी करणे हे प्रेमाचेच लक्षण आहे.

फरक कुठे पडतो? पेत्राने अंगरखा घातला तो प्रभूसाठी. त्या क्षणी काठावर दुसरे कोणी पाहत आहे का, हे त्याच्या मनातही नव्हते. आपण मेच्या उन्हात तीन थर चढवतो तेव्हा कोणासाठी चढवतो? ज्याच्याशी वचनबद्ध व्हायचे त्या जोडीदारासाठी? प्रभूसाठी? की अल्बमसाठी?

ख्रिस्तसभेने आपली वस्त्रे हलकी केली

हा विचार ख्रिस्तसभेने आधी स्वतःला लावून पाहिला आहे. मिस्सेच्या वेळी धर्मगुरू सर्वांत वर जे वस्त्र घालतात, त्या चॅझुबलचा उगम प्राचीन रोममधल्या बाहेर जाताना घालायच्या साध्या झग्यात आहे. पुढे शतकानुशतके त्यावर जर, भरतकाम आणि वजन चढत गेले. कार्डिनलांच्या समारंभी झग्याला तर कित्येक मीटर लांब शेपूट असे. १९५२ साली पोप बारावे पायस यांनी ते आखूड करण्याचा आदेश दिला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक संविधानात सांगितले की पवित्र वस्त्रांतही नुसत्या डामडौलापेक्षा उदात्त सौंदर्य शोधावे. १९६९ साली पोप सहावे पॉल यांच्या कारकिर्दीत कार्डिनल आणि बिशप यांचे पोशाख आणखी साधे झाले. त्याच वर्षी भारतातील उपासनेसाठी रोमने ज्या बारा गोष्टींना मान्यता दिली, त्यांत धर्मगुरूंसाठी साधा झगा आणि अंगवस्त्र यांचाही समावेश होता. उष्ण देशांत धर्मगुरू काळ्याऐवजी पांढरा झगा वापरतात हे तर आपण पाहतोच. पौरोहित्याचा मान त्यामुळे तसूभरही कमी झाला नाही.

वकिलांच्या काळ्या कोटाचेच पाहा ना. सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालये वगळता इतर न्यायालयांत उन्हाळ्यात तो सक्तीचा नाही, असा बार कौन्सिलचा नियम आहे. कायदा जर ऋतू ओळखतो, तर आपल्या आनंदाच्या प्रसंगांनी तो का ओळखू नये?

कोट नसलेला माणूस

आतापर्यंत आपण शरीराच्या त्रासाबद्दल बोललो. पण याहून मोठा त्रास दुसराच आहे. एका घरात लग्न होते. कुटुंबातल्या पुरुषांनी एकाच रंगाचे कोट शिवायचे ठरले होते. आजोबांचे वय ऐंशीच्या पुढे. त्यांनी आयुष्यभर वाडीत आणि मळ्यात काम केलेले. नातीच्या लग्नासाठी त्यांनी आपला पांढरा सुती सदरा धुऊन, इस्त्री करून ठेवला होता. घरची मंडळी म्हणाली, "बाबा, निदान फोटोपुरता तरी कोट घाला." त्यांनी घालून पाहिला. जीव घाबरा झाला म्हणून काढून ठेवला. मग कोणी रागावले नाही, कोणी काही बोललेही नाही. फक्त स्टेजवर कुटुंबाचा फोटो निघाला तेव्हा त्यांना कोणी हाक मारली नाही. ते खाली तिसऱ्या रांगेत खुर्चीवर बसून होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हसून विचारत होते, "जेवलास का?"

बंधू-भगिनींनो, दाखल्यात लग्नाचे वस्त्र नसलेल्या माणसाला बाहेर काढले. आपल्या हॉलमध्ये कधी कधी ज्याच्या अंगावर खरे लग्नाचे वस्त्र असते तोच फोटोबाहेर राहतो.

आणखीही काही जण बाहेर राहतात. त्यांचे फोटो कोठेच नसतात. पहिल्या कम्युनियनच्या खर्चासाठी पतपेढीत दागिना ठेवणारी आई, चांगला कोट नाही म्हणून पत्नीला आणि मुलांना लग्नाला पाठवून स्वतः घरी राहणारा बाप, मैत्रिणींसारखा झगा नाही म्हणून नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला यायचे टाळणारी मुलगी. आम्ही घरभेटीला जातो तेव्हा अशी घरे भेटतात. कारण कोणी सांगत नाही. "बरे वाटत नव्हते, फादर," एवढेच सांगतात. याकोबाने आपल्या पत्रात हेच दुखणे दाखवले आहे (याकोब २:२-४). सभेत सोन्याची अंगठी आणि झगझगीत वस्त्रे घातलेला मनुष्य येतो, त्याला मानाची जागा मिळते. मळक्या वस्त्रातल्या गरिबाला उभे राहायला किंवा पायांपाशी बसायला सांगितले जाते. याकोब याला साधी चूक म्हणत नाही. तो म्हणतो, तुम्ही दुष्ट विचारांनी न्याय करणारे झालात.

आपल्या महाराष्ट्रातला एक प्रसंग इथे आठवतो. १८८८ साली पुण्यात राणी व्हिक्टोरियाचे पुत्र ड्यूक ऑफ कनॉट यांच्या सन्मानार्थ मेजवानी होती. उंची पोशाख आणि दागिने घातलेल्या पाहुण्यांत महात्मा जोतीराव फुले शेतकऱ्याच्या वेषात आले. ड्यूकना त्यांनी सांगितले की या थाटामाटावरून देशाची पारख करू नका, राणीची खरी प्रजा पाहायची तर खेड्यांत जा. तिथे जे नव्हते, ज्यांना तिथे बोलावलेच नव्हते, त्यांचे वस्त्र अंगावर घालून ते आले होते. पोशाखाने माणसे बाहेर ठेवता येतात तशी आतही आणता येतात.

मग लग्नाचे वस्त्र म्हणजे काय?

आता पुन्हा दाखल्याकडे वळू. राजाच्या नोकरांनी रस्त्यावर जे सापडले त्या सर्वांना, बऱ्या-वाईटांना, गोळा करून आणले. त्यांना शिंप्याकडे जायला वेळ नव्हता आणि बहुतेकांकडे पैसाही नव्हता. तरीही एक सोडून कोणाच्याही वस्त्राबद्दल तक्रार नाही. याचा अर्थ लग्नाचे वस्त्र असे काही असले पाहिजे जे रस्त्यावरच्या भिकाऱ्यालाही मिळू शकते आणि श्रीमंताकडेही नसू शकते.

ते वस्त्र म्हणजे प्रीती, असे संत ऑगस्टीन यांनी आपल्या प्रवचनात सांगितले. संत ग्रेगरी द ग्रेट यांनी त्यात एक सुंदर भर घातली. कापड मागाच्या वरच्या आणि खालच्या अशा दोन दांड्यांमध्ये विणले जाते. तसे हे वस्त्र देवावरची प्रीती आणि शेजाऱ्यावरची प्रीती या दोहोंमध्ये विणले जाते. एक दांडी काढून घेतली तर कापड होत नाही, नुसता सुताचा गुंता उरतो. संत पौलही कलस्सैकरांना करुणा, दया, नम्रता, सौम्यता, सहनशीलता ही वस्त्रे चढवायला सांगतो आणि या सर्वांवर प्रीती घालायला सांगतो (कलस्सै ३:१२-१४). हे थर कितीही चढवले तरी उकडत नाही!

हे वस्त्र आपल्याला एकदा मिळालेले आहे. स्नानसंस्काराच्या वेळी आपल्याला शुभ्र वस्त्र दिले गेले. ते निष्कलंक ठेवून सार्वकालिक जीवनात घेऊन ये, असे आपल्याला सांगितले गेले. ख्रिस्तसभेच्या अंत्यविधीत शवपेटीवर शुभ्र वस्त्र अंथरण्याची प्रथा आहे, ती याच वस्त्राची आठवण. श्रीमंताची पेटी असो वा गरिबाची, वरचे वस्त्र तेच.

म्हणून आजची दोन वाचने एकमेकांच्या उलट नाहीत. यशया ज्या आच्छादनाबद्दल बोलतो ते शोकाचे आणि मृत्यूचे आच्छादन आहे. परमेश्वर ते काढतो आणि प्रत्येकाच्या तोंडावरचे अश्रू पुसतो. अश्रू पुसायचे तर आधी तोंड दिसले पाहिजे. आपणही आपल्या तोंडावर एक आच्छादन घेऊन फिरतो. लोक काय म्हणतील हे भय त्याचे नाव. ते वर्षभर अंगावर असते, ऋतू कोणताही असो. परमेश्वर ते उतरवतो आणि प्रीतीचे वस्त्र घालायला देतो. आधी काढणे, मग घालणे. पहिल्यावाचून दुसरे होत नाही.

जास्तीची ऊब कोणाची?

येत्या ११ नोव्हेंबरला संत मार्टिन यांचा सण आहे. ते तरुणपणी रोमन सैन्यात होते. कडक हिवाळ्यात आमियाँ शहराच्या वेशीवर त्यांना एक उघडा भिकारी दिसला. त्यांनी तलवारीने आपला झगा मधोमध कापला आणि अर्धा त्याला दिला. त्या रात्री त्यांना स्वप्नात प्रभू येशू तो अर्धा झगा घेतलेला दिसला, अशी त्यांच्या चरित्रात नोंद आहे. पुढे त्यांचा झगा जिथे जपून ठेवला त्या जागेला झग्याच्या लॅटिन नावावरून जे नाव पडले, तोच आपला 'चॅपल' हा शब्द. एका वाटून घेतलेल्या झग्याने देवळाला नाव दिले!

ज्याच्याजवळ दोन अंगरखे असतील त्याने ज्याच्याजवळ नाही त्याला एक द्यावा, असे योहान बाप्तिस्ता यार्देनकाठी सांगत होता (लूक ३:११). संत बेझिल यांनी याहून कडक शब्दांत बजावले की पेटीत ठेवलेला तुमचा कोट ज्याच्या अंगावर कोट नाही त्याचा आहे. आपल्याला ज्या उबेने घाम फुटतो, ती ऊब कोणाला तरी कमी पडलेली असते. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री रेल्वे स्टेशनबाहेर झोपणाऱ्यांना, वीटभट्टीवरच्या झोपडीतल्या मुलांना विचारून पाहा.

आपण काय करू शकतो?

१. लग्न मे महिन्यात ठरवताना मिस्सेची वेळ सकाळची किंवा ऊन उतरल्यानंतरची मागावी.

२. नवरदेवाने सुती किंवा लिननचा, बिनअस्तराचा, हलक्या रंगाचा पोशाख शिवावा. कोट हवाच असेल तर फोटो झाल्यावर तो काढून ठेवण्यात काही अपमान नाही. एकाने काढला की दहा जण आनंदाने काढतील.

३. स्नानसंस्काराच्या विधीला शुभ्र वस्त्र लागते. सॅटिन, अस्तर, मोजे आणि टोपी लागत नाही. बाळाला मऊ सुती कापडाचा एकच पांढरा झगा पुरे.

४. पहिल्या कम्युनियनसाठी पालकांनी आणि धर्मशिक्षण देणाऱ्यांनी आताच एकत्र बसून सर्व मुलांसाठी एकसारखा, साधा, पुन्हा वापरता येईल असा पोशाख ठरवावा. यंदाचे झगे आणि शर्ट पुढच्या वर्षीच्या मुलांना देता येतील.

५. वृद्धांना कोणत्याही पोशाखाची सक्ती करू नये. समारंभात कोणाला चक्कर आली, मळमळले तर आधी कोट-टाय काढावा, हवेशीर जागी न्यावे, वारा घालावा, पाणी द्यावे. बोलणे असंबद्ध झाले किंवा शुद्ध हरपली तर तोंडात पाणी न घालता अंग ओले करत ताबडतोब दवाखान्यात न्यावे.

६. कपाटात एकदाच घातलेले कोट पडून असतात. भावकीत, वाडीत ते एकमेकांना द्यावेत. ज्या गरम कपड्यांची आपल्याला गरज नाही ते संत मार्टिनच्या सणापूर्वी गरजूंपर्यंत पोहोचवावेत.

७. कुटुंबाचा फोटो काढण्यापूर्वी एकदा खाली, मागच्या खुर्च्यांकडे नजर टाकावी.

आजच्या दुसऱ्या वाचनात संत पौल तुरुंगातून लिहितो आहे. विपुलतेत कसे राहावे आणि कमतरतेत कसे राहावे हे आपण शिकलो आहोत, असे तो फिलिप्पैकरांना सांगतो. विपुलतेत राहणेही शिकावे लागते, हे त्याचे म्हणणे आपण लक्षात ठेवू या. कमी असताना काय घालावे हा प्रश्न नसतोच. हाताशी पुष्कळ असते तेव्हाच काय घालू नये हे कळावे लागते.

प्रकटीकरणाच्या ग्रंथात कोकऱ्याच्या लग्नाचे वर्णन आहे. तिथे वधूला नेसायला तागाचे तलम, शुभ्र वस्त्र दिले आहे आणि ते वस्त्र म्हणजे पवित्र जनांची नीतिकृत्ये असा खुलासाही केला आहे (प्रकटीकरण १९:८). स्वर्गातल्या लग्नातही वस्त्र हलकेच आहे! ख्रिस्तशरीर स्वीकारण्यापूर्वी धर्मगुरू त्याच कोकऱ्याच्या भोजनाचे आमंत्रण आपल्याला देतात. आज ते शब्द कानी पडतील तेव्हा आपण आपल्या अंगावर काय आहे ते पाहू या, आणि शेजारी कोण उभे आहे तेही पाहू या.

हे प्रभू, लोक काय म्हणतील या भयाचे आच्छादन आमच्यावरून काढ. तुझ्या प्रीतीचे वस्त्र आम्हांला नेसव. ते आमच्या अंगावर पाहून आमच्यातला गरिबातला गरीबही तुझ्या पंगतीला यायला संकोचू नये, अशी कृपा आम्हांला दे. आमेन.